रिख्टर: समोर असेल तो पियानो

ओसरी (शनिवार, सकाळी ९:१०)

गेल्या महिन्यात लेकीची पियानोची परीक्षा होती. घरी इलेक्ट्रॉनिक पियानो आहे, त्यावर वर्षभर घोटून घोटून तीन तुकडे बसवले होते. परीक्षेच्या खोलीत मात्र भिंतीला टेकवलेला जुना, लाकडी, खराखुरा पियानो. पंधरा मिनिटांनी बाहेर आली ती नाक लाल करूनच. "आई, पट्ट्या दाबल्याच जात नव्हत्या. आणि एक तर दाबली की वरच येत नव्हती."

रिक्षात तिला मी स्वियातोस्लाव रिख्टर नावाच्या सोव्हिएत पियानोवादकाची गोष्ट सांगायला घेतली, तर म्हणाली "आत्ता नको ना". बरोबरच होतं तिचं. म्हणून ती गोष्ट इथे लिहितेय, तुम्हाला रिक्षातून उतरता येणार नाही.

सतारवाला स्वतःची सतार घेऊन फिरतो. तबलजी हातोडी खिशात घालून येतो. व्हायोलिनवाला तर पेटी मांडीवर घेऊन विमानात बसतो. पियानोवाल्याच्या नशिबी हे नाही. मैफिलीचा मोठा पियानो ९ फूट लांब, वजन पाचशे किलोच्या आसपास. आयुष्यभर रोज ज्यावर हात बसवला ते वाद्य घरी ठेवून हा माणूस परक्या गावात परक्या वाद्यापुढे जाऊन बसतो आणि लोकांनी तिकीट काढलेलं असतं. पैसा आणि दबदबा असलेल्यांनी यावर उपाय काढले. पियानोवादक होरोविट्झ १९८६ साली मॉस्कोला वाजवायला गेला तेव्हा न्यूयॉर्कहून स्वतःचा स्टाइनवे पियानो विमानाने नेला. मिकेलांजेली हा दुसरा पियानोवादक, पियानो मनासारखा नसला की कार्यक्रमच रद्द करायचा.

आणि स्वियातोस्लाव रिख्टर म्हणायचा, मला पियानो निवडायला लावू नका. तीन पियानो दाखवलेत तर मी चुकीचाच निवडीन आणि वाजवताना मन उरलेल्या दोघांकडे धावेल. जो ठेवला असेल त्यावर विश्वास टाकायचा. बायबलमधला पीटर पाण्यावर चालायला निघाला तसं. शंका आली की बुडालात.

याचा जन्म १९१५चा, युक्रेनमधल्या झितोमिरचा. वाढला ओडेसात. वडील टेओफिल जर्मन वंशाचे, व्हिएन्नात शिकलेले, ओडेसाच्या लुथेरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. पण मुलाने त्यांच्याकडून रीतसर तालीम अशी घेतलीच नाही. स्वरलेखनाची जी वही हाती लागेल ती उघडायची आणि वाजवत सुटायचं. त्यातही ऑपेरांच्या वह्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून गायकांच्या तालमींना साथ करायची कामं, नंतर ओडेसाच्या ऑपेरातच नोकरी. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने नाटक कंपनीत पेटी वाजवता वाजवता गाणं शिकावं तसा हा पियानो शिकला. पहिला स्वतंत्र कार्यक्रम १९३४ साली, एकोणिसाव्या वर्षी, सगळं शोपँ या संगीतकाराचं.

१९३७ साली, बावीस वर्षांचा घोडा झाल्यावर, तो मॉस्कोत पियानोचा नामांकित शिक्षक हाइनरिख नॉयहाउससमोर जाऊन बसला. ज्या वयात बाकीचे स्पर्धा जिंकून मोकळे होतात त्या वयात हा प्रवेश मागतोय. नॉयहाउसने ऐकलं आणि शेजारच्या विद्यार्थिनीच्या कानात सांगितलं की हा बहुधा अलौकिक आहे. नंतर तर कबूलच केलं की याला शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. राजकारणाचे सक्तीचे विषय रिख्टर शिकेना म्हणून त्याला कॉन्झर्व्हेटरीतून, म्हणजे संगीत महाविद्यालयातून, काढलंही, नॉयहाउसने परत घेतलं. राहायला जागा नव्हती तेव्हा गुरुजींच्या घरी पियानोखाली झोपायचा. आपल्याकडची गुरुकुलं आठवली ना?

१९४०मध्ये संगीतकार प्रोकोफिएव्हने आपला सहावा सोनाटा (इथे एकट्या पियानोसाठीची मोठी रचना) मित्रांच्या बैठकीत हस्तलिखितावरून वाजवून दाखवला. पानं उलटायला शेजारी रिख्टर उभा होता. उलटता उलटताच ठरवलं की हा मी वाजवणार, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉस्कोत वाजवला. सातवा सोनाटा त्याने चार दिवसांत बसवून जानेवारी १९४३मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणला. नववा तर प्रोकोफिएव्हने त्यालाच अर्पण केला.

आता मधलं एक पान, जे मला नेहमी घाईने उलटावंसं वाटतं. १९४१. जर्मन फौजा ओडेसाच्या रोखाने येताहेत. वडिलांना शहर सोडून जायची सोय होत होती, पण आई निघायला तयार नव्हती, कारण कोंद्रात्येव्ह नावाच्या आजारी माणसात ती गुंतलेली होती. वडील तिच्यासाठी थांबले. जर्मन आडनावाचा माणूस, युद्धाचे दिवस. सोव्हिएत पोलिसांनी पकडून ऑक्टोबरात गोळी घातली. आई पुढे त्या कोंद्रात्येव्हबरोबर जर्मनीला निघून गेली, आणि त्याने आडनाव लावलं ते रिख्टर. मुलगा मॉस्कोत. आईची भेट झाली एकदम १९६० साली, न्यूयॉर्कमध्ये, एकोणीस वर्षांनी.

आणि ज्या राजवटीने बाप मारला तिच्या सर्वोच्च माणसाच्या अंत्यदर्शनाला वाजवायची पाळी याच्यावर आली. मार्च १९५३, स्टालिन गेला. (प्रोकोफिएव्हही त्याच दिवशी गेला, ५ मार्चला, पण त्याच्यासाठी शहरात फुलं उरली नव्हती म्हणतात.) रिख्टर होता तिबिलिसीत. त्याला ज्या विमानात बसवलं ते पुष्पचक्रांनी गच्च भरलेलं, माणूस हा एकटाच. मॉस्कोत अंत्यदर्शन ठेवलेल्या खांबांच्या सभागृहात पियानोपुढे बसला तर पेडल चालेना. त्याने वाकून स्वरलेखनाच्या वहीची घडी करून पेडलखाली खुपसायला सुरुवात केली. मान वर करून बघतो तर वरच्या सज्जात पळापळ! पहाऱ्यावरच्यांना वाटलं, बाँब ठेवतोय.

मला हे चित्र फार आवडतं. दाराबाहेर साम्राज्य हललंय, आणि हा गुडघ्यावर बसून पेडलखाली वही खुपसतोय. समोर असेल तो पियानो.

बाकी कारकीर्द तुम्हाला नेटवर मिळेलच. १९५५ साली अमेरिकेत गिलेल्स या सोव्हिएत पियानोवादकाचं कौतुक व्हायला लागलं तर तोच म्हणाला, थांबा, रिख्टर ऐकाल तेव्हा बोला. १९५८चा बल्गेरियात सोफियातला 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' या पियानोरचनेचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. श्रोते खोकून खोकून बेजार आणि तरी ते मुद्रण अजून लोक जपून ठेवतात. १९६० साली अखेर अमेरिकेला जाऊ दिलं. शिकागोत ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना), मग न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ओळीने कार्यक्रम. जग वेडं झालं. त्याला अमेरिका आवडली नाही. १९७०नंतर पुन्हा गेला नाही.

म्हातारपणी मात्र त्याने जे केलं त्याच्यासाठी मी त्याला मानते. सभागृहातले सगळे दिवे बंद. पियानोवर एक छोटा दिवा, त्याचा उजेड फक्त वहीच्या पानावर आणि थोडा बोटांवर. पाठ असलेलंही वही समोर ठेवून वाजवायचं. लोकांनी माझ्या तोंडाकडे बघू नये, ऐकावं. समोर असेल तो पियानो, तसं समोर असेल ते पान. त्याच्या बाहेरचं माझं असं काही नाही.

लेकीला हे सांगायचं होतं. जमलं तर तुम्ही सांगा, आईचं कोण ऐकतं.

बंड्या (शनिवार, ९:४२)

शीर्षक घाईत वाचलं 'रिश्टर' आणि वाटलं कोयनेला पुन्हा हादरा बसला. धागा उघडून बघतो तर पियानो. असो, आलोच आहे तर बसतो.

काळी दोन (शनिवार, १०:१५)

सुंदर लिहिलंय. मी हौशी पेटीवाला, साथीला जातो. ज्या हॉलमध्ये जाऊ तिथली पेटी वाजवायची वेळ पन्नासदा आली असेल. कुठे भाता फाटका, कुठे मध्यमाची पट्टी बसलेली. एकदा तर भर बंदिशीत एक सूर अडकून भोंगा वाजत राहिला, बुवा तसेच गात राहिले आणि त्यालाच षड्ज मानून पुढे गेले. टाळ्या त्यांना मिळाल्या, घाम मला.

पण एक विचारू का ताई? पाठ असताना वही कशाला? आमच्याकडे वही बघून गाणाऱ्याला लोक उठून जातील.

ओसरी (शनिवार, १०:५०)

@काळी दोन, दोन कारणं. एक तो जाहीर सांगायचा: लेखकाने जे लिहिलंय ते सगळं पाठांतरात टिकत नाही. स्वर टिकतात, पण कुठे हलकं, कुठे जोडून, कुठे श्वास, या बारीक खुणा काही वर्षांत झिजून जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. वही समोर असली की प्रामाणिक राहता येतं.

दुसरं कारण तुमच्यासारख्या पट्टीवाल्यांना जास्त कळेल. त्याला स्वराची उपजत ओळख होती, म्हणजे कुठलाही सूर ऐकला की तो नेमका कुठला हे तो न बघता सांगू शकायचा. साठी ओलांडल्यावर हा कान सरकला. सगळं एक स्वर चढून ऐकू यायला लागलं, कधी त्याहूनही जास्त.

काळी दोन (शनिवार, ११:०५)

अरे देवा. म्हणजे बोट काळी एकवर आणि कानात काळी दोन!

जरा कल्पना करून बघितली आणि पोटात खड्डा पडला. आम्हा लोकांचं एक बरं, षड्ज कुठलाही धरा, बाकीचं त्याच्या नात्यानं चालतं. पट्टी सरकली तर सरकली. पण ज्याच्या डोक्यात प्रत्येक पट्टीला तिचं स्वतःचं नाव कोरलेलं आहे त्याला हे म्हणजे स्वतःच्या घरात कोणी रोज रात्री सामान हलवून ठेवल्यासारखं. पाठांतर बोटांचंही असतं आणि कानाचंही. कान खोटं सांगायला लागला की बोटं अडखळणारच. मग डोळ्यांवर भिस्त ठेवायची, म्हणून वही. दंडवत त्या माणसाला.

खडूस (शनिवार, १२:३०)

लेख चांगला, पण पूजा जरा जास्त झालीय. दोन मुद्दे.

१. 'समोर असेल तो पियानो' हे अर्धसत्य आहे. १९६९-७०पासून हा माणूस यामाहाच्या पियानोवर फिदा होता. पुढे यामाहा कंपनीच त्याच्यासाठी पियानो आणि ट्यूनर पुरवत असे. १९८६च्या सायबेरियाच्या गाजलेल्या दौऱ्यातसुद्धा यामाहा सोबत होता म्हणतात. होरोविट्झने नेला तर नखरा आणि याने नेला तर वैराग्य?

२. 'लिहिलंय तेवढंच वाजवतो, मी फक्त आरसा' हे त्याचं आवडतं पालुपद होतं. मग संगीतकार शूबर्टच्या शेवटच्या सोनाट्याचा (बी फ्लॅट मेजर, त्याच्या रचनांच्या यादीत क्रमांक डी ९६०) पहिला भाग इतरांना उजळणीसकट (सुरुवातीचा हिस्सा पुन्हा वाजवून) वीसेक मिनिटं पुरतो, तो याला चोवीस-पंचवीस का लागतात? आरशात पाच मिनिटं जास्त कुठून आली?

ओसरी (शनिवार, १:२०)

जेवण झाल्यावर उत्तर देते. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याने वरण गार झालं.

माडाची सावली (शनिवार, २:०५)

मडगावहून लिहितेय. आमच्या आजोळी एक पियानो आहे, आईच्या आजोबांनी आणलेला. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलेखन शिकवायचे, त्यामुळे गावात दहा घरं सोडून एक व्हायोलिन आणि मोठ्या घरातून एखादा पियानो. पण गोव्याचा पावसाळा आणि पियानो यांचं जन्माचं वैर. तारा गंजतात, हातोड्यांवरच्या नमद्याला कसर लागते, लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींना घासतात. ओसरीताई, तुमच्या लेकीची ती 'वर न येणारी पट्टी' शंभर टक्के फुगलेली असणार. दोष तिच्या बोटांचा नव्हे, हे तिला आधी सांगा.

आजी काय करायची सांगते. जूनच्या पहिल्या सरीला पियानोच्या खालची फळी काढायची आणि आत एक साधा पिवळा बल्ब लावून ठेवायची, थेट दसऱ्यापर्यंत. उबेने आतली ओल मरते. रात्री दिवे गेले नसले तर अंधाऱ्या बैठकीच्या खोलीत पियानोच्या फटींतून पिवळा उजेड यायचा. लहानपणी मला वाटायचं की आत कोणीतरी राहतं. रिख्टरच्या दिव्याबद्दल वाचलं आणि तो बल्ब आठवला.

बंड्या (शनिवार, २:११)

@माडाची सावली, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

बर्फातला आंबा (शनिवार, ४:४०)

मी ऐकलंय रिख्टरला. प्रत्यक्ष.

ऐंशीच्या दशकात शिष्यवृत्तीवर मॉस्कोत इंजिनिअरिंग शिकत होतो. सांगलीचा मुलगा, नाट्यसंगीतापलीकडे संगीत माहीत नाही. डिसेंबरात पुश्किन संग्रहालयात 'डिसेंबरच्या संध्याकाळी' नावाचा उत्सव असतो, १९८१ साली सुरू झाला, तो रिख्टरच्याच पुढाकाराने. चित्रांच्या मधोमध संगीत. वसतिगृहातली एक रशियन मुलगी तिकिटाच्या रांगेत माझ्यासाठी उभी राहिली होती, म्हणून गेलो. (अवांतर: तिचं लग्न पुढे दुसऱ्याशीच झालं.)

काय वाजवलं ते विचारू नका, मला तेव्हा काही कळत नव्हतं. आठवतं ते असं. दोन्ही बाजूंना उंच पांढरे खांब. कोट टाकून आत आलेल्या लोकांच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास. मग एकदम अंधार. एक जाडजूड, टकला, म्हातारा माणूस भरभर चालत आला, आपल्याकडे धड बघितलंही नाही, बसला आणि बसल्याबरोबर सुरू! आपल्याकडे तंबोरे जुळवण्यात अर्धा तास जातो, त्याची सवय असलेला मी अजून खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो. दिव्याखाली फक्त पान पांढरंशुभ्र दिसायचं, आणि पानं उलटणाऱ्याचा हात अंधारातून येऊन परत अंधारात जायचा. तासभर मी त्या हाताकडेच बघत होतो. शेवटी टाळ्या सुरू झाल्या तेव्हा लक्षात आलं की आपण वाजवणाऱ्याचा चेहरा पाहिलेलाच नाही.

आता ओसरी यांचं वाचून कळतंय की त्याला तेच हवं होतं.

मळभ (शनिवार, ५:१५)

वाचतेय. माझ्या काकांकडे त्याच्या मेलोदिया कंपनीच्या तबकड्या होत्या. सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन गावात आलं की जाड कागदाची बालपुस्तकं आम्हाला आणि तबकड्या काकांना. अगदी किरकोळ पैशात मिळायच्या. वेष्टणावर सगळं रशियन लिपीत, त्यामुळे कित्येक वर्षं काका बाखला शूबर्ट समजून ऐकत होते. आनंदात काही कमी पडलं नाही.

ओसरी (शनिवार, ६:३०)

@माडाची सावली, लेकीला वाचून दाखवलं. 'फुगलेली पट्टी' ऐकून चेहरा उजळला. तुमच्या आजीला नमस्कार.

@खडूस, आता तुमच्याकडे वळते.

यामाहाचा मुद्दा मान्य. लिहायचं टाळलं, कारण माझ्या गोष्टीत खडा पडत होता. यामाहाचं त्याला आकर्षण होतं ते त्याच्या हळू आवाजासाठी. जवळजवळ ऐकूच येणार नाही इतकं हलकं वाजवलं तरी स्वर मरत नाही, असं त्याला वाटायचं. पियानोची गंमत अशी आहे की पट्टी दाबली म्हणजे आपण तार छेडत नाही. पट्टी एका हातोडीला वर फेकते आणि शेवटच्या क्षणी सोडून देते. हातोडी एकटी जाऊन तारेला भेटते आणि मागे येते. जोरात फेकणं सोपं. इतकं हळू फेकायचं की हातोडी पोचेल तर खरी पण नुसती टेकेल, ही कमाई. आणि ती निम्मी बोटाची, निम्मी वाद्याची असते. तेव्हा त्याने एक वाद्य जवळ केलं यात वैराग्य नाही हे खरं. पण होरोविट्झशी बरोबरी मला पटत नाही. १९८६च्या त्या दौऱ्यात रिख्टर मोटारीने मॉस्कोहून व्लादिवोस्तोककडे निघाला (विमानाचा त्याला तिटकारा), सहा महिन्यांत दीडशेच्या आसपास कार्यक्रम केले, त्यातली कित्येक गावं अशी की धड सभागृह नाही. एकाहत्तर वर्षांचा होता तो. पियानो कुठला होता यापेक्षा समोर कोण बसलं होतं ते मला महत्त्वाचं वाटतं.

पाच मिनिटांचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणजे एक आहे, पण ते तुमच्याच बाजूचं आहे. शूबर्टने वर लिहिलंय 'मोल्तो मोदेरातो', बेताबेताने. किती बेताने हे लिहिलेलं नाही. तिथे रिख्टर आरसा नाहीच, तिथे तो स्वतः उभा आहे.

काळी दोन (शनिवार, ७:१०)

वादात पडतो. खडूसभाऊ, अमीर खाँसाहेबांचा झुमरा ऐकलात? समेकडे परत यायला इतका वेळ लागतो की नवखा माणूस विचारतो ताल आहे की नाही. त्यांनी रागात बाहेरचं काय घातलं? काहीच नाही. स्वर तेच, चलन तेच. फक्त दोन स्वरांच्या मध्ये जागा केली. लय ही भर घालणं आहे की मोकळं करणं, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षं चाललाय, शूबर्टकडे आज मिटणार नाही.

खडूस (शनिवार, ७:४५)

अमीर खाँ कधी म्हणाले नाहीत की मी आरसा आहे. माझी तक्रार लयीची नाही, दाव्याची आहे. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड मॉस्कोला १९५७ साली गेला होता, तेव्हा त्याने रिख्टरचा हाच सोनाटा ऐकला. गूल्डला शूबर्ट आवडायचा नाही, उजळण्या तर मुळीच नाही. आणि इतका संथ ऐकून आधी तो चुळबुळला, मग संमोहित झाल्यासारखा बसून राहिला, असं त्यानेच सांगितलंय. गूल्डला काय गुंगवलं? लिहिलेल्या कागदाने? तो कागद त्याने आधी पाहिलेला होताच की.

तरी एक सांगतो, मी त्याच्यावर खट्टू नाही. एका बाबतीत फार आवडतो. बेटोफनच्या ट्रिपल कॉन्चेर्टोचं १९६९चं बर्लिनचं मुद्रण: वाद्यवृंद चालवायला कारायान, व्हायोलिनवर ओइस्त्राख, चेलोवर रोस्त्रोपोविच आणि पियानोवर हा. चौघं महारथी, वेष्टणावर चौघांचे हसरे फोटो. रिख्टरला ते मुद्रण अजिबात पसंत नव्हतं. त्याने एक तुकडा परत घेऊया म्हटलं तर कारायानने वेळ नाही म्हणून उडवून लावलं, कारण फोटो काढायचे होते! आपल्याच गाजलेल्या तबकडीला वाईट म्हणणारा कलाकार विरळा.

ओसरी (शनिवार, ८:२०)

हे बघा, शेवटी भेटलो आपण कुठेतरी. स्वतःच्या कार्यक्रमांबद्दलही तो असंच निर्दयपणे नोंदवून ठेवायचा. आणि वाजवायचं काय नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ऐंशीच्या आसपास वेगवेगळे कार्यक्रम तयार होते याच्याकडे, पण बेटोफनचा चौथा आणि पाचवा कॉन्चेर्टो कधी वाजवला नाही, 'मूनलाइट' सोनाटाही नाही. सगळे करतात म्हणून मी केलं पाहिजे असं काही नाही.

रियाझ मात्र रोज तीन तास, बस. बारा-बारा तासांच्या दंतकथांना तो हसायचा. नवं शिकताना एक पान घ्यायचं, ते पुरतं बसलं की दुसरं.

राईनकाठ (रविवार, १२:३५)

उशिरा वाचतोय, इकडे अजून शनिवारच आहे. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ मेले नावाचं एक तेराव्या शतकातलं धान्याचं कोठार आहे. रिख्टरला ते दिसलं आणि १९६४ साली तिथे त्याने उत्सव सुरू केला, अजून चालतो. गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. दगडी भिंती, आत ओकच्या लाकडाचे खांब, वर अंधार. आमच्या घाटावरच्या वाड्यातल्या बळदाची आठवण आली, फक्त हे बळद देवळाएवढं. बाहेर शेतं. त्या उंच छपराखाली पियानोचा आवाज कोरडा येईल असं वाटलं होतं, तर लाकडाने तो असा धरून ठेवला की बास. कार्नेगी हॉल मिळत असताना कोठार निवडणारा माणूस, म्हणून मी ओसरी यांच्या पार्टीत.

मळभ (रविवार, सकाळी ८:०५)

शेवट कसा झाला त्याचा?

ओसरी (रविवार, ८:४०)

शेवटचा कार्यक्रम मार्च १९९५, जर्मनीत ल्यूबेकला, ऐंशी वर्षं पुरी झाल्यावर दहाच दिवसांनी. मग आजारपण. १ ऑगस्ट १९९७ला मॉस्कोत गेला. जायच्या आधीच्या दिवसांत शूबर्टचे काही तुकडे नव्याने बसवत होता, जे त्याने पूर्वी कधी वाजवले नव्हते. शेवटच्या वर्षांत एका फ्रेंच दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या वहीतलं वाचता वाचता तो म्हणतो की मला मी आवडत नाही. आणि डोकं हातात घेतो. तो तुकडा मी दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा बघवला नाही.

बंड्या (रविवार, ९:०२)

च्यायला. भूकंपाच्या धाग्यावर गेलो असतो तर बरं झालं असतं.

ओसरीताई, मला यातलं काही कळत नाही, एकच तुकडा सांगा कुठून सुरू करू. सोपा.

ओसरी (रविवार, ९:३०)

खडूस यांनी ज्यावर भांडण काढलं तोच, डी ९६०चा पहिला भाग. पंचवीस मिनिटं राखून ठेव. सुरुवातीला गाण्यासारखी साधी ओळ येते, आणि ती संपता संपता खाली खर्जात, अगदी डावीकडे, एक थरथर होते. दोन शेजारचे स्वर भराभर आळीपाळीने, पण इतक्या हलक्या आवाजात की दूरवर मेघ गडगडल्यासारखं. मग शांतता. मग ओळ पुन्हा. पुढची सगळी पंचवीस मिनिटं त्या थरथरीचं काय करायचं याचीच आहेत, असं मला वाटतं. ती ऐकू आली की झालं.

काळी दोन (रविवार, रात्री ११:५०)

मी पण ऐकला. आधी मोबाइलवर लावला, तर ती थरथर येईचना. मग मुलाच्या खोलीतले मोठे स्पीकर आणले, दिवे घालवले, बसलो. आली. अंगावर काटा.

तेवढ्यात आतून बायको: "अहो, बाहेर टँकर आलाय वाटतं, बघा जरा."